चौकटीखालची रेघ

वाटीत पाणी होतं, पाण्याखाली माती होती, आणि मातीवरून कुणीतरी चालत गेलं होतं.

आक्का ओट्यापाशी उभी राहिली ती राहिलीच. चहा उकळून उकळून अर्ध्यावर आला तरी तिचा हात गॅसकडे गेला नाही. माती सुनेची. दर आठवड्याला ती तोंडाला फासायची आणि मग नुकत्या लिंपलेल्या भिंतीसारखं तोंड घेऊन, ओठ न हलवता, घरभर फिरायची. काल उरलेली माती तिनं वाटीत तशीच भिजत टाकली होती. घासायचा कंटाळा, दुसरं काय. संध्याकाळी आक्कानं घशासाठी गुळण्या केल्या आणि पेल्याच्या तळाशी राहिलेलं मिठाचं पाणी त्याच वाटीत ओतलं. खरकट्या भांड्यात खरकटं पाणी, त्यात विचार करण्यासारखं होतं काय? पण आता सकाळच्या तिरप्या उजेडात त्या गुळगुळीत मातीवर रेघा उमटल्या होत्या. पंधरा-वीस तरी असतील. नखाएवढ्या, किंचित वाकलेल्या, कुठे एकटी, कुठे दोघीतिघी एकमेकींच्या अंगाशी. एखादी अळी सरपटली, थांबली, वळली, असं कुणीही म्हणालं असतं. आक्का तर म्हणालीच असती. म्हणाली होतीच की! अठ्ठावीस वर्षांपूर्वी, संग्रहालयातल्या दगड धुण्याच्या खोलीत, एका लादीसमोर, ओल्या हातांनी आणि चांगल्या मोठ्या आवाजात.

"आई, चहाचा काढा झाला," सून मागून आली. "आणि ती वाटी द्या इकडे, घासून टाकते."

"हात लावू नकोस!"

सुनेचा हात जागच्या जागी थांबला. या घरात आक्काचा तो आवाज ऐकून मांजरसुद्धा थांबायचं.

"काल यात बोट घातलंस का तू? चमचा? एखादा किडा पडला होता?"

"माझ्या तोंडाच्या मातीत किडे कशाला पडतील?"

"मग इथून चाललं कोण?"

सुनेनं वाकून पाहिलं. "चाललं कुठे? तडे गेलेत."

"पाण्याखाली तडे जातात का गं कधी? माती वाळली की जातात. ही वाळलीय?"

"नाही."

"मग?"

"मग मला काय विचारता? दगडमातीतलं या घरात तुम्हालाच कळतं. शंभर कोटी वर्षांपूर्वी कोण चाललं ते तुम्हाला दिसतं, समोरचा चहा आटला तो नाही दिसला." सुनेनं गॅस बंद केला आणि ती निघून गेली. एरवी आक्कानं असल्या टोमण्याची तिथल्या तिथे परतफेड केली असती. आज तिनं चष्म्याच्या डबीतून भिंग काढलं. संग्रहालयातल्या साहेबांचं भिंग, जाताना ते तिला देऊन गेले होते. भिंग डोळ्याला लावून ती वाटीवर वाकली, आणि पहिल्याच रेघेपाशी तिचा अंदाज चुकला, जिन्यावर पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी तसा. रेघ मधे जाड होती आणि दोन्हीकडे बारीक होत होत केसासारखी संपत होती.

टोकं. टोकं बघा आधी, असं साहेब म्हणायचे. आक्का त्या खोलीत लागली तेव्हा तिला चौथीच्या पुढचं काही येत नव्हतं, आणि दगड धुणं म्हणजे भांडी घासण्याचाच मोठा भाऊ असेल अशी तिची समजूत होती. डोंगरांतून, खाणींतून पेट्या यायच्या. त्यांतले दगड पाण्यानं, कुंचल्यानं, हट्टी असला तर सुईनं स्वच्छ करायचे, एवढंच काम. पण साहेब बोलके. दगड हातात घेतला की घरातल्या माणसाची खोडी सांगावी तसं सांगायचे. दगडात उमटलेलं हे काळं झाड दिसतंय ना, आक्का, ते झाड नाही. दगडाला चीर गेली, चिरेतून गढूळ पाणी शिरलं, त्याचा डाग पसरला. झाड असतं तर पानाला शीर असती. हे गोल अंडं दिसतंय? फोडून बघा, आत कवच नाही, नुसता कांद्यासारखा थरावर थर. आणि चिखलात रेघ दिसली तर तीन गोष्टी विचारायच्या. जीव चालला असेल तर त्याचं अंग सगळीकडे सारखं, म्हणून रेघेची रुंदी सारखी. टोकाशी तो थांबतो, निमुळता होत नाही, म्हणून टोक गोल. आणि दुसऱ्याची वाट आडवी आली तर तो तिच्यावरून जातो. तडा मात्र दुसऱ्या तड्याला भिडला की तिथेच थांबतो. आक्काला हे ऐकून असं काही झालं होतं की त्या दिवशी घरी जाताना ती रस्ताभर भिंतींचे तडे बघत गेली होती. आणि खरंच, एकही तडा दुसऱ्याला ओलांडत नव्हता. चौथीपर्यंतच्या सगळ्या शाळेनं तिला जेवढं दिलं नव्हतं तेवढं त्या एका दुपारनं दिलं. पुढे लोक पिशवीत असली दगडी अंडी घेऊन संग्रहालयात यायचे, तेव्हा साहेब मुद्दाम त्यांना आक्काकडे पाठवायचे. एक निवृत्त मुख्याध्यापक महिनाभर एकच अंडं घेऊन येत राहिले. शेवटी ती म्हणाली, "सर, घरी न्या आणि उबवा. पिल्लू निघालं तर त्यालाच घेऊन या, मी दोघांना चहा पाजते."

असली आक्का. आणि त्या लादीच्या वेळी तिनं टोकं बघितली नव्हती का? बघितली होती. तिनं वाटी उचलून खिडकीकडे नेली. लादी नव्या खाणीतून आली होती, अर्ध्या दरवाजाएवढी. तिनं पहिला हात फिरवला, चिखल वाहून गेला, आणि खिडकीचा उजेड आडवा पडला तशा त्या वाकड्यातिकड्या जाड रेघा उठून दिसल्या. तेव्हा ती ओरडली, "साहेब, इथून कुणीतरी चाललंय!" साहेब धावत आले, उकिडवे बसले, एकेका रेघेवरून बोट फिरवत राहिले. एवढ्या जुन्या चिखलात चालायला कुणी असेल असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. लादीच्या वरच्या अंगाला पाण्यानं काढलेल्या लाटा होत्या, एका बाजूला कललेल्या. म्हणजे हा चिखल पाण्याखालचा, कधी न वाळलेला. वाळला नाही म्हणजे तडा जायला वाव नाही. आणि तडा नाही म्हणजे जीव. साहेबांनी हे तीनदा स्वतःशी म्हटलं. मग म्हणाले, "टोकं?" आक्का म्हणाली, "टोकांत माती बसलीय, साहेब. उघडते." अकरा दिवस ती सुईनं टोकं उघडत होती. बाराव्या दिवशी सगळी गोल निघाली. त्यानंतर साहेबांनी लिहिलं, दूरदूरचे विद्वान आले, भिंग लावून बघून गेले, आणि लादी लाकडी चौकटीत बसून मधल्या दालनात भिंतीवर चढली. तिच्या नवऱ्यानं तोवर ती दगड धुते म्हणून भावांसमोर थट्टा केली होती. त्यानंतर तोच पाहुण्यांना दालनात घेऊन जायचा. मुलाच्या लग्नाच्या बोलण्यात, सोसायटीच्या भांडणात, डॉक्टरच्या दवाखान्यात रांग मोडणाऱ्यांसमोर, कुठेही आक्काचा हुकमाचा पत्ता तोच असायचा: मला शिकवू नका, जे विद्वानांना दिसलं नाही ते मला दिसलंय. आणि आता येत्या शुक्रवारी लादी पुढच्या मोठ्या दालनात जाणार होती. पितळी पाटी तयार होती. पाटीवर तिचंच त्या दिवशीचं वाक्य होतं, 'साहेब, इथून कुणीतरी चाललंय!' आणि खाली, आक्का. मुलानं ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

वाटी तशीच सोडून गप्प बसावं, असं तिच्या मनात आलं का? आलं. सुनेनं घासून टाकली असती, पाण्याबरोबर त्या पंधरा-वीस अळ्या मोरीत गेल्या असत्या, आणि शुक्रवार आपल्या पायांनी चालत आला असता. पण दुसरी एक गोष्ट त्याहून जोरात वळवळत होती, आणि ती भीती नव्हती. पाण्याखाली तडा गेलाच कसा? सगळी लादी ज्या एका खुंटीवर टांगली होती ती खुंटी एका चिमूटभर मिठानं उपटून काढली, ती कशी? मीठ पडलं आणि मातीनं आपलं अंग आखडून घेतलं की काय, लोणच्यातली फोड आखडते तशी? भरल्या पाण्यात, ओलीच्या ओली? हे बघायलाच हवं होतं. तिनं वाटीवर ताटली झाकली, ताटलीवर वरवंटा ठेवला, सुनेला बजावलं, "हिला हात लावलास तर तुझ्या माहेरी फोन करीन," आणि बस पकडली.

बसमध्ये समोरच्या सीटचं रेक्झिन फाटलं होतं. तडे एकमेकांना भिडत होते, ओलांडत कुणीच नव्हतं. खिडकीच्या काचेवर एका थेंबाची वाट दुसऱ्या थेंबाच्या वाटेवरून सरळ गेली होती. बरोबर आहे, थेंब चालतो. शेजारच्या बाईच्या मनगटावरच्या सुरकुत्या मधे जाड आणि शेवटी बारीक. आक्का तिच्या मनगटाकडे इतकी टक लावून बघत होती की त्या बाईनं हात पिशवीखाली घेतला. लादीवर दोन रेघा भेटतात अशा जागा किती होत्या? सात. आक्काला त्या सातही पाठ होत्या, जुन्या घरातल्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. डावीकडच्या कोपऱ्यातली जोडी, मधल्या तिघी, खालची तिरकी... आणि त्या सातही जागी एक रेघ दुसरीला ओलांडून जात होती. हे तिनं शंभरदा दाखवलं होतं लोकांना. ओलांडून जात होती, की तिनं जाऊ दिली होती? सुई हातात असताना डोळ्याला जे पटलेलं असतं त्याच दिशेला हात जातो. हे तिनं नव्या मुलींना स्वतः शिकवलं होतं. दगडावर सुई चालवताना आधी ठरवू नका की आत काय आहे, नाहीतर तेच कोरून काढाल. शिकवलं होतं तेव्हा ते कुठून आलं होतं तिच्या तोंडी? एवढं अचूक, जणू स्वतः तसं करून बसलेलं माणूसच सांगतंय.

धुण्याच्या खोलीत लादी टेबलावर आडवी पडली होती. जुनी चौकट काढलेली, नवी यायची होती. अठ्ठावीस वर्षं लाकडाखाली झाकलेली चार बोटं रुंद कड पहिल्यांदाच उघडी पडली होती, मळकट, आणि लादीच्या चकचकीत चेहऱ्याशेजारी अगदी परकी. तेवढी कड तिनं कधी साफ केली नव्हती. तिच्यावर चौकट बसणार आहे, उगाच हात कशाला दुखवता, असं साहेब म्हणाले होते. साहेबांच्या जागी आता ज्या बाई होत्या त्या चाळिशीच्या, शांत, पायात पळायचे बूट घालणाऱ्या. आक्काला बघून त्या उठल्याच.

"आक्का! शुक्रवारी गाडी पाठवणार होतो की आम्ही. आज कशा?"

"शुक्रवारचं शुक्रवारी. मला पाणी हवंय, आणि मऊ कुंचला."

"सुई काढू? तुमची जुनी पेटी जपून ठेवलीय."

"सुई नको," आक्का म्हणाली. "सुईला जिथे तिथे बोलायची सवय आहे."

तिनं कडेवर पाणी सोडलं. कुंचला इतका हलका धरला की त्याचे केस नुसते पाण्याबरोबर डोलत होते. मळ सुटायला वेळ लागला. वेळ लागतोच, मळालाही आपली जागा सोडवत नाही. पुढे काय निघतं हे बघण्याची जुनी अधीरता बोटांत परत आली होती, आणि तीत इतकं सुख होतं की तिला स्वतःची लाज वाटली. कडेवर एक रेघ निघाली. मग तिच्या खाली दुसरी. आक्कानं भिंग लावलं. मधे जाड. मग कमी. मग आणखी कमी. मग इतकी बारीक की ती संपली कुठे ते नजरेला सापडेना. दुसरी रेघ पहिलीला येऊन भिडली होती आणि तिथेच थांबली होती, दारात पाहुणा अडखळावा तशी. आक्का टेबलाला वळसा घालून लादीच्या जाडीच्या बाजूला गेली, तिथेही पाणी सोडलं. वरून जाड दिसणारी रेघ आत पाचरीसारखी उतरत खालच्या थरात टोकदार होऊन विरली होती. वरची वाळू तिच्यात भरली होती. कुणी चाललं असतं तर वरच्या वर गेलं असतं, बीळ केलं असतं तर बीळ गोल असतं. पाचरीच्या आकाराचा प्राणी आक्कानं अजून बघितला नव्हता.

"या इकडे," ती म्हणाली. "बघा."

बाईंनी भिंग घेतलं. बघितलं. फार वेळ बघितलं नाही, आणि तेच आक्काला खटकलं.

"तुम्हाला नवल वाटलं नाही."

बाईंनी भिंग टेबलावर ठेवलं.

"किती दिवस झाले?"

"शंका होती, आक्का. दोनेक वर्षं. सगळी टोकं इतकी सारखी गोल कशी, असं वाटायचं. पण कड झाकलेली, आणि..."

"आणि काय?"

"आणि तुम्ही होतात. म्हटलं, आता या वयात कशाला."

आक्काच्या कानशिलांत रक्त चढलं. चूक निघाली तेव्हा चढलं नव्हतं, ते आता चढलं. "या वयात म्हणजे? मी काय तापातली पोर आहे, खोटं सांगून औषध पाजायला? एवढी वर्षं लोकांची अंडी मी फोडली त्यांच्या तोंडावर. माझं अंडं तेवढं कापसात गुंडाळून ठेवलंत?"

"चुकलं आमचं."

"तुमचं कसलं चुकलं. तुम्ही गप्प बसलात. कोरलं मी."

खोलीत पाणी ठिबकत होतं. आक्का स्टुलावर बसली. तिच्या मनात साहेब आले, शेवटच्या वर्षाचे, काठी घेतलेले. निवृत्तीनंतर ते एकदाच दालनात आले होते आणि लादीसमोर बराच वेळ उभे होते. मग न वळता त्यांनी विचारलं होतं, "आक्का, टोकं सगळी अशीच होती ना?" आणि ती म्हणाली होती, "हो साहेब." त्यांनी मान हलवली. त्यानंतर पुन्हा कधी विचारलं नाही, पण जाताना भिंग मात्र तिला दिलं. इतकी वर्षं ती त्याला बक्षीस समजत आली होती. तेव्हा ती खोटं बोलली का? ती जुन्या कपाटात हात घालावा तशी त्या अकरा दिवसांत हात घालून चाचपत राहिली. सुई धरलेली बोटं, मानेची रग, खिडकीचा उजेड. रेघेच्या मधे सुई फिरायची तेव्हा खर्रर्र असा आवाज यायचा, सुट्या वाळूचा. टोकाशी आली की आवाज बदलायचा. टिक. टिक. वाळू संपून दगड लागला की येतो तो आवाज. पहिल्या दिवशी, पहिल्याच टोकाला तो आला होता. ती थांबली होती. थांबून तिनं खिडकीबाहेर बघितलं होतं, शेजारच्या खोलीत साहेब आनंदानं फोनवर कुणालातरी सांगत होते ते ऐकलं होतं, आणि मग तिनं सुईवरचा जोर वाढवला होता. माती घट्ट आहे, असं स्वतःला सांगून. एवढंच. अठ्ठावीस वर्षं तिला लादीवरची एकूण एक रेघ आठवत होती आणि तो टिक मात्र आठवला नव्हता.

"आवाज बदलला होता," ती म्हणाली.

"काय?"

"सुईचा. दगड लागला तेव्हा. मी ऐकला होता. हे तुमच्या वहीत लिहून ठेवा. आक्काला कळलं नाही असं लिहू नका. कळलं होतं, आणि तिनं कोरलं."

बाईंनी लिहिलं नाही. आक्कानं टेबलावर बोट आपटलं, तेव्हा लिहिलं. मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "शुक्रवारचं पुढे ढकलते. पाहुण्यांना काय सांगायचं?"

"ढकलायचं काही नाही. लादी मोठ्या दालनात लावा. नव्या चौकटीतून ही कड उघडी ठेवा. माझी कोरलेली टोकं आणि ही न कोरलेली, शेजारीशेजारी. पोराटोरांना याहून चांगला धडा कुठे मिळणार? आणि पाटी आहे तीच राहू दे. तिच्याखाली आणखी एक ओळ घाला."

"कुठली?"

आक्कानं जरा विचार केला. तिला वाक्य घडवावं लागत नसे, ते तयारच यायचं. पण या वेळी आलं ते तिनं आधी तोंडातल्या तोंडात घोळवून बघितलं. "'नाही साहेब, कुणी चाललेलं नाही.' आणि खाली, आक्का. नाव नीट मोठं घाला. वरच्याएवढंच."

घरी आली तेव्हा वरवंटा ताटलीवर तसाच होता. सून ओट्याशी उभी होती, आणि ताटलीच्या कडेला ओल्या बोटाचा ठसा होता.

"उचललीस."

"एकदाच. बघितली आणि ठेवली." सुनेनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि टोमणा मारायचा विचार सोडून दिला. "काय झालं तिकडे?"

आक्कानं सांगितलं. सगळं. सुईचा आवाजसुद्धा. सांगताना ती सुनेकडे बघत नव्हती, नळाच्या तोटीकडे बघत होती. सून ऐकता ऐकता खुर्चीवर बसली. या घरात आपलं बोलणं ऐकायला ती कधी बसल्याचं आक्काला आठवत नव्हतं, उभ्या उभ्याच ऐकायची, हातातलं काम न सोडता.

"मग शुक्रवारी जायचं नाही?"

"जायचं तर! सगळ्यांनी. आणि तुझी माती घेऊन. तिथे लोकांसमोर करून दाखवणार आहे मी."

"सगळी? तिच्यासाठी किती वेळ रांगेत उभी राहिले होते मी!"

"तुझं तोंड आहे तसं चांगलं आहे. मी कधी म्हटलं नाही, तो भाग वेगळा."

सून हसली. तिनं वरवंटा बाजूला केला, ताटली उचलली आणि दोघी वाटीवर वाकल्या. रेघा सकाळपेक्षा थोड्या रुंदावल्या होत्या. सुनेनं न सांगता चष्म्याच्या डबीतून भिंग काढलं, उलटं धरलं, आक्कानं ते सुलटं करून दिलं.

"पण आई," सून भिंगातून डोळा न काढता म्हणाली, "इथे तुम्ही मीठ ओतलंत. तिथे एवढ्या मोठ्या पाण्यात मीठ ओतलं कुणी?"

आक्कानं तोंड उघडलं. या घरात विचारलेल्या प्रश्नाला तिच्याकडून उत्तर मिळालं नाही असं आजवर झालं नव्हतं.

"माहीत नाही गं," ती म्हणाली, आणि दुसरी वाटी शोधायला उठली.